कुरुळीच्या पालकाला हवी असलेली शाळा

पुणे–नाशिक महामार्गावर मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की खेड तालुका लागतो आणि चिंबळी फाट्यानंतर थोड्याच अंतरावर कुरुळी येते. १९९९ साली बजाज ऑटोचा कारखाना चाकणला उभा राहिला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. आणि या बड्या धेंडांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांनी, गोदामांनी व ट्रकतळांनी कुरुळी, निघोजे, महाळुंगे, चिंबळी ही गावे भरून टाकली. जुन्या शेतकऱ्याने उरल्यासुरल्या रानात भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार राहावयास आला. जमीन गमावलेला शेतकरी आणि गाव सोडलेला कामगार, दोघांचीही मुले शाळेच्या वयाची आहेत. त्यांना कोठे घालावयाचे हा प्रश्न या खोल्यांतून पगाराइतकाच चर्चिला जातो.

या पालकांमध्ये एक वर्ग असा आहे की त्याला ‘जुन्या वळणाची’ शाळा हवी आहे. पाढे पाठ करून घेणारी, व्याकरण शिकविणारी, संस्कृतचे सुभाषित आणि ज्ञानेश्वरीची ओवी मुलाच्या मुखी घालणारी, अक्षराला वळण व वागण्याला शिस्त लावणारी शाळा. कोणी संस्था अशी शाळा काढावयास निघाली तर तो वर्गणी देईल, जागेसाठी सरपंचाकडे खेटे घालील आणि पहिल्या दिवशी मुलाला घेऊन दाराशी उभा राहील. तिकडे अमेरिकेत १९९१ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण खाजगी व्यवस्थापनाच्या ‘चार्टर’ शाळांना वाट करून दिली. पुढे तेथे लॅटिन, तर्कशास्त्र व प्राचीन ग्रंथांवर भर देणाऱ्या ‘क्लासिकल’ शाळांची एक चळवळच उभी राहिली आणि तिचा कणा पालक हाच आहे. कुरुळीच्या पालकाने त्या चळवळीचे नावही ऐकलेले नसेल. परंतु दोघांचे दुखणे पुष्कळसे एकाच जातीचे आहे.

अशा पालकाची गाठ पडली की डाव्या विचारांचा कार्यकर्ता बहुधा एका शब्दात त्याचा निकाल लावतो: प्रतिगामी. हा निकाल सोपा असला तरी चुकीचा आहे. या पालकाला मुलाच्या कपाळी गंध लावावयाचे आहे म्हणून तो गुरुकुलाची भाषा बोलत नाही. आजवर जे जे त्याच्या पदरात टाकले गेले त्यात विद्या अशी कोठे सापडली नाही, म्हणून तो ती भाषा बोलतो. जिल्हा परिषदेची शाळा त्याच्या दाराशी आहे, पण शिक्षक निवडणुकीच्या याद्यांत, सर्वेक्षणांत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला त्याला दिसतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासननिर्णयाने शिक्षकांची पदे पटाच्या हिशेबात आणखी आवळली. कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये ‘इंटरनॅशनल’ नावाची इंग्रजी शाळा आहे; तेथे फी भरून मूल पाचवीत येते तेव्हा त्याला ना इंग्रजीत चार वाक्ये धड सांगता येतात, ना मराठीत पत्र लिहिता येते. बारा तासांची पाळी करून परतलेल्या बापाला वही उघडल्यावर जे दिसते ते कोणत्याही अहवालापेक्षा बोलके असते. पुढाऱ्यांची मुले कोठे शिकतात हेही त्याला ठाऊक असते, आणि त्यात समाजवादी पुढाऱ्यांचा अपवाद करण्याचे त्याला कारण दिसत नाही.

तेव्हा मागणीच्या मुळाशी जाणे भाग आहे. या पालकाला अभिजात विद्या हवी आहे. ही विद्या कोणाची?

कुरुळी हे गाव देहू आणि आळंदी यांच्या टापूतले. आळंदीला ज्या ज्ञानदेवांची समाधी आहे त्यांच्या कुटुंबाला पैठणच्या धर्मपीठापुढे शुद्धीसाठी हात जोडावे लागल्याची कथा महाराष्ट्र सातशे वर्षे सांगत आला आहे, आणि त्याच ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशास गीतेचा अर्थ संस्कृतच्या कुलुपातून काढून मराठीत आणला. देहूच्या कुणब्याने लिहिलेल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या असे परंपरा सांगते. त्याचा अपराध एवढाच की अधिकार नसता तो वेदान्त बोलला. तुकोबा जेथे चिंतनास बसत तो भामचंद्र डोंगर याच चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आहे आणि त्याच्या पायथ्यापर्यंत कारखाने पोचले आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. खेड गावाने आपले नाव टाकून ज्याचे नाव घेतले तो शिवराम हरी राजगुरू तरुणपणी काशीला गेला तो संस्कृत शिकावयास. तेथेच त्याला क्रांतिकारक भेटले आणि ज्या संघटनेने आपल्या नावात ‘सोशलिस्ट’ हा शब्द अभिमानाने घातला होता तिचा सैनिक म्हणून तो २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फासावर गेला. संस्कृतचा विद्यार्थी आणि समाजवादी क्रांतिकारक ही दोन माणसे नव्हेत, हे सांगावयास या तालुक्याला बाहेरचा दाखला नको. आणि डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, नाइलाजाने फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी ती भाषा स्वतःच्या श्रमाने हस्तगत केली आणि तिच्यातील ग्रंथांचा असा झाडा घेतला की ज्यांनी दार लावले होते त्यांना तोंड लपवावे लागले.

ज्या विद्येपासून बहुजन समाजाला शतकानुशतके काठीने दूर ठेवले ती आता कामगाराचा मुलगा मागत असेल, तर ‘ही तुझ्या कामाची नाही’ असे त्याला सांगण्याचा अधिकार समाजवाद्यांना कोणी दिला? हे वाक्य त्याने पूर्वी ऐकलेले आहे. पूर्वी ते धर्मशास्त्राच्या नावाने ऐकविले जाई, आता ते ‘कौशल्यविकासा’च्या नावाने ऐकविले जाते. चाकणच्या कारखान्यांना वेल्डर, फिटर आणि यंत्रचालक हवेत. तेव्हा कामगाराच्या मुलाला सहावीपासूनच हत्यारांची ओळख करून द्यावी, त्याला व्याकरण आणि काव्य यांचा भार कशाला, असा सूर कारखानदारांच्या चर्चासत्रांतून निघतो आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील व्यवसायशिक्षणाच्या कलमांत तो सोयीने ऐकू येतो. हाताच्या कामाला समाजवादी कमी लेखीत नाहीत. पण फिटरच्या मुलाला पान्हा आणि व्यवस्थापकाच्या मुलाला कालिदास, ही वाटणी जातिव्यवस्थेचीच नवी प्रत होय.

या बाबतीत इटलीच्या कम्युनिस्ट नेत्याचे, अंतोनियो ग्रामशीचे स्मरण उपयोगी पडेल. १९२३ मध्ये मुसोलिनीच्या शिक्षणमंत्र्याने, जेन्तीलेने, इटलीतील शिक्षणाची पुनर्रचना केली. वरच्या वर्गासाठी अभिजात शिक्षण राखले गेले आणि खालच्यांसाठी कामधंद्याच्या शाळांचे वेगवेगळे फाटे काढले गेले. ग्रामशी सार्डिनियातल्या गरिबीतून आलेला. फॅसिस्टांच्या तुरुंगात भरलेल्या वह्यांत त्याने या सुधारणेवर जी टीका केली तिचा रोख अनेक डाव्यांना आजही अडचणीचा वाटतो. लॅटिनचे रुक्ष व्याकरण घोटणे व्यर्थ नव्हते, त्यातून मुलाला तासन्‌तास एका जागी बसून विचार करण्याची सवय लागे, असे त्याचे म्हणणे होते. अभ्यास हेही एक श्रमाचे काम आहे, त्याला घाम गाळावा लागतो. सुशिक्षित घरातल्या मुलाला ही सवय घरीच लागते, कामगाराच्या मुलाला ती शाळेनेच लावावी लागते, म्हणून शिथिल शाळेचा तोटा सर्वांत अधिक कामगाराच्याच मुलाला होतो. कामगारांसाठी वेगळ्या धंदेशिक्षणाच्या शाळा वाढविणे म्हणजे लोकशाही वाढविणे नव्हे. ज्या शाळेतून निघालेला प्रत्येक जण राज्यकारभार करण्यास लायक ठरू शकेल अशी एकच सामायिक शाळा सर्वांना मिळणे, ही लोकशाही.

कुरुळीच्या पालकाला जे अंधुकपणे जाणवते ते ग्रामशीने स्वच्छ मांडले आहे. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. ग्रामशी ही विद्या सर्वांच्या सामायिक शाळेत मागत होता. कुरुळीच्या पालकापुढे ती ठेवली जाते एका वेगळ्या, स्वतंत्र, निवडक शाळेच्या रूपाने. येथेच पालकाची फसगत आहे आणि ती त्याला समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

आज महाराष्ट्रात नवी शाळा निघते ती बहुतकरून २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली. सरकार एक पैसा देणार नाही, संस्थेने आपल्या बळावर शाळा चालवावी, असा त्याचा मथितार्थ. २०१७ च्या अखेरीस या कायद्यात दुरुस्ती होऊन कंपन्यांनाही शाळा काढण्याचे दार उघडण्यात आले. ‘आपले बळ’ म्हणजे फी, आणि फी म्हणजे कंत्राटी कामगाराचा ओव्हरटाइम. मिनेसोटाच्या चार्टर शाळेत निदान फी नाही; तेथला वाद सार्वजनिक पैसा खाजगी हाती जातो याचा आहे. येथे पैसाही पालकाचाच आणि हुकूम मात्र संस्थाचालकाचा. शिवाय अशी शाळा ‘प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणारी’ म्हणून वेदपाठशाळेच्या धर्तीवर काढली, तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार शिक्षणहक्क कायदाच तिला लागू होत नाही. म्हणजे शिक्षकसंख्येचे बंधन नाही आणि वंचित घटकांसाठी राखीव पंचवीस टक्के जागाही नाहीत. त्या पंचवीस टक्क्यांचे सरकारला किती प्रेम आहे हे फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसलेच. सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतील खाजगी विनाअनुदानित शाळांना त्या जबाबदारीतून मोकळे करणारी अधिसूचना काढली गेली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून ती दारे उघडी राहिली.

सरकारी शाळा खाजगी हाती सोपविण्याचा दुसराही मार्ग आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशनकडे चालविण्यास दिलेल्या आहेत. तेथील शिक्षक मेहनती आहेत हे नाकारण्याचे कारण नाही. पण सप्टेंबर २०२३ च्या ‘शाळा दत्तक योजने’ने गोष्ट फार पुढे नेली. ग्रामीण भागातील शाळा पाच वर्षांसाठी पन्नास लाख किंवा दहा वर्षांसाठी एक कोटी रुपयांच्या बोलीवर दत्तक घ्यावी आणि देणगीदाराने सुचविलेले नाव त्या शाळेला जोडावे! ज्या गावकऱ्यांनी खांद्यावरून दगड वाहून शाळेच्या भिंती उभ्या केल्या त्यांचे नाव तेथे कधी लागले नाही.

अभिजाततेच्या नावाखाली काय विकले जाते हेही तपासले पाहिजे. मे २०२४ मध्ये राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासक्रम आराखड्याचा जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करवून घेण्याची सूचना होती आणि मनुस्मृतीतील श्लोकही उद्धृत केलेला होता. गदारोळ झाला. पण गदारोळात एक गोष्ट सांगावयाची राहून गेली: पाठांतराने विद्या सुरू होते, पाठांतरावर ती संपत नाही. गीता मुखोद्गत करणारा मुलगा ज्ञानदेवांनी तिचा अर्थ कोठे वळविला, टिळकांनी कोठे आणि आंबेडकरांनी तिच्यावर कोणते आक्षेप घेतले, हे विचारील तेव्हाच तो अभिजात विद्येचा विद्यार्थी. प्रश्न विचारू न देणारी शाळा जुनी असेल, पण अभिजात नव्हे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सत्कारसमारंभ पुष्कळ झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या अभिजाततेचे एक कपाटही वाढले नाही.

कुरुळीच्या पालकापुढे जे नमुने आहेत त्यांच्याकडे मात्र न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोगमहाराजांनी १९१७ साली काढली. माधुकरीवर राहून, कोणतीही फी न देता, चार वर्षे ज्ञानेश्वरी-गाथ्याचे अध्ययन करणारी शेतकऱ्यांची मुले तिने घडविली. बहुजन समाजातील मुलांना ग्रंथ वाचावयास बसविणारी ही संस्था त्या काळी पुरोगामीच होती, मग तिच्या पुढच्या वाटचालीविषयी कोणी काहीही म्हणो. आळंदीत आज तिच्या नावाचा आधार घेऊन मुलांची वसतिगृहे चालविणारे सगळेच त्या तोलाचे नाहीत. तेथे मूल ठेवण्यापूर्वी पालकाने चार वेळा चौकशी करावी. चिंचवडगावात क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् आहे. ‘समरसता’ हा शब्द समतेला पर्याय म्हणून योजला जातो, तो समाजवाद्यांना कधी पटला नाही आणि पटणारही नाही. तथापि ज्या पारधी मुलांना पोलीस जन्मतः गुन्हेगार समजत होते त्यांना गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळ घेतले, हातात धातुकाम आणि तोंडात संस्कृत दिले, त्या वेळी समाजवादी कार्यकर्ते त्या पालांवर किती होते, हा प्रश्न विचारला गेला तर उत्तर तयार ठेवावे लागेल. रिकामी जागा कोणीतरी भरतोच.

ही जागा एकेकाळी रिकामी नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाची चैन चालते असे बजावून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी त्यांनी केली. त्यांच्या मनातल्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन होते, हिशेब होता, इतिहास, भूगोल, व्याकरण होते, शेतीचे व आरोग्याचे ज्ञान होते, नीतीचे धडेही होते. व्याकरण आणि शेती यांत त्यांनी निवड करावयास लावली नाही. १९१९ साली काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवून, श्रम करवून घेऊन शिकविली. त्या परंपरेतल्या शिक्षकांना संस्कृतचे वावडे नव्हते. साने गुरुजी तर समाजवादी चळवळीच्या घरचेच. भारतीय संस्कृतीवर त्यांनी जे लिहिले ते वाचून कोणी त्यांना प्रतिगामी म्हटले नाही. आचार्य नरेन्द्र देव हे बौद्ध दर्शनाचे पंडित होते. समाजवाद्यांनी ही विद्या केव्हा आणि का सोडून दिली याचा शोध एखाद्या अभ्यासवर्गात घेता येईल. ती सोडल्याबरोबर दुसऱ्यांनी उचलली, हे मात्र शोधाशिवायही दिसते.

सार्वजनिक शाळेत हे होणार नाही, असे जो म्हणेल त्याने दूर जाऊ नये. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागले की शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी येते. तेथील गावकऱ्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आपली जमीन दिली आणि ती शाळा अशी नावारूपाला आली की बाहेरगावच्या पालकांच्या प्रवेशासाठी रांगा लागल्या. खेड तालुक्यातीलच जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घसरून बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे या शिक्षकाने आणि गावाने मिळून ती उभी केली. मोठी मुले लहानांना शिकवितात ही तेथली रीत. आणि २०२५ मध्ये जगातील उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकमताने दिला जाणारा पुरस्कार तिने मिळविला. रांगा लागणारी एकुलती एक सरकारी शाळा ही काही समाजवादाची परिपूर्ती नव्हे. एक शिक्षक बदलून गेला की काय होते ही धास्ती अशा प्रत्येक गावाला असते. पण गुरुकुलाच्या बाजूने बोलणाऱ्या पालकाला जे हवे आहे ते सरकारी छपराखाली मिळू शकते, याचा पुरावा कुरुळीपासून बसच्या टप्प्यात आहे.

म्हणून या पालकाच्या विरोधात मोर्चा नेण्याऐवजी त्याला बरोबर घेऊन मागण्या मांडाव्या लागतील, आणि त्या त्याच्याच शब्दांत मांडाव्या लागतील. कुरुळीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक. शिक्षकाच्या मागचे अशैक्षणिक काम बंद. रोज वाचनाचा तास आणि त्यात ज्ञानेश्वरी, तुकाराम, चोखामेळा, जनाबाई यांच्याबरोबर फुले आणि अण्णा भाऊ. आठवीपासून ज्याला हवे त्याला संस्कृत, ज्याला हवे त्याला उर्दू, पाली किंवा जर्मन. उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला मराठी धरता येईतो स्वतंत्र साहाय्य. सामाजिक दायित्वाचा निधी कंपन्यांनी द्यावा, तो कायद्याने त्यांचे देणेच आहे. पण तो जिल्हा परिषदेच्या खात्यात द्यावा, शाळेच्या पाटीवर नव्हे.

या मागण्यांना कायद्याचा आधारही आहे. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेच्या विकासाचा आराखडा तिनेच करावयाचा असतो. विनाअनुदानित खाजगी गुरुकुलात पालकाला असा कोणताही अधिकार नाही; तेथे तो ग्राहक, फार तर भाविक. पण प्रत्यक्षात या समित्या गावकीतील चारदोन घरांच्या ताब्यात राहतात आणि भाड्याच्या खोलीतील पालक, ज्यांची मुले वर्गात मोठ्या संख्येने बसतात, बैठकीला येतच नाहीत. त्याचे कारण उदासीनता नव्हे. बैठक सोयीने भरते ती सरपंचाच्या आणि मुख्याध्यापकांच्या. त्या वेळी कामगार पहिल्या पाळीत यंत्रापुढे उभा असतो आणि त्याची बायको दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते आणि गुरुवारी शाळा चालू असते. तेव्हा कुरुळीच्या कार्यकर्त्यांनी पहिली मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी ती एवढीच, की समितीची निवड आणि तिच्या बैठका गुरुवारी घ्याव्यात, नोटीस मराठीबरोबर हिंदीतही लावावी, आणि ती शाळेच्या फलकावर लावून न थांबता खोल्यांच्या चाळींतून वाटावी.